इंग्लंडला वेगळी संसद हवी का? त्याआधी इंग्लंडचा वेगळा हिशेब हवा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही लेस्टरला राहता. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिथल्या तुमच्या मैत्रिणीला डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं मोफत मिळतात, तुम्हाला एकेका औषधामागे ९ पौंड ९० पेन्स मोजावे लागतात. स्कॉटलंडच्या राजधानीतल्या, म्हणजे एडिनबरातल्या, ओळखीच्या घरातला मुलगा तिथल्याच विद्यापीठात फी न भरता शिकतोय आणि तुमच्या मुलीची २०२५-२६ ची फी ९,५३५ पौंड आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना आपापली संसद किंवा विधानसभा आहे, इंग्लंडला नाही. मग इंग्लंडचीही वेगळी संसद का असू नये, आणि एवढी साधी मागणी पंचवीस वर्षांत पुढे का सरकली नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी नोकरीची बहुतेक वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागातल्या काउन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक पालिकांच्या, अर्थ विभागात काढली. अंदाजपत्रक बांधायचं, लंडनहून किती अनुदान येईल याचा अंदाज घ्यायचा, आणि ते कमी पडलं की कुठली सेवा किती कापायची याचे पर्याय निवडून आलेल्या सदस्यांपुढे ठेवायचे, हे माझं काम होतं. त्यामुळे माझं उत्तर घटनेच्या अभ्यासकापेक्षा वेगळ्या टोकाने सुरू होतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: इंग्लंडची तक्रार खरी आहे आणि वेगळ्या संसदेची मागणी तत्त्वाला धरून आहे. पण ही मागणी अडते ती पैशाच्या मांडणीत. इंग्लंडचा जमाखर्च जोवर ब्रिटनच्या जमाखर्चापासून वेगळा काढला जात नाही, तोवर इंग्लंडसाठी नवं सभागृह बांधलं तरी त्याच्या हातात काहीच असणार नाही.

तुमच्या दोन उदाहरणांबद्दल एक खुलासा. औषधांचे पैसे किंवा कॉलेजची फी वेगळी संसद नसल्यामुळे पडते असं नाही. वेल्सने २००७ मध्ये, उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये औषधांचं शुल्क रद्द केलं. तो त्यांचा निर्णय होता आणि त्यासाठी दुसरीकडचा खर्च त्यांना आवरावा लागला. इंग्लंडची संसद उद्या झाली तरी ती कदाचित फी आणि शुल्क दोन्ही तशीच ठेवेल. फरक पडेल तो जबाबदारीत. कार्डिफच्या निर्णयाबद्दल कार्डिफच्या सरकारला धारेवर धरता येतं. इंग्लंडमधल्या निर्णयाबद्दल कोणाला धरायचं, हे इंग्लंडच्या मतदाराला नीट सांगता येत नाही.

ही स्थिती आली कशी, हे पटकन सांगतो. सप्टेंबर १९९७ मध्ये स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं आणि ७४.३ टक्के लोकांनी स्वतःच्या संसदेला कौल दिला. आठवड्याभराने वेल्समध्ये जेमतेम ५०.३ टक्के लोक हो म्हणाले. फरक ६,७२१ मतांचा होता. उत्तर आयर्लंडचा मार्ग वेगळा, तो एप्रिल १९९८ च्या शांतता करारातून आला. १९९८ साली तिन्हींसाठी तीन वेगळे कायदे झाले, तिन्हींचे अधिकार वेगळे आणि वाढतही वेगवेगळ्या गतीने गेले. डिव्होल्यूशन म्हणतात ते हेच: वेस्टमिन्स्टरने, म्हणजे लंडनमधल्या ब्रिटनच्या संसदेने, स्वतःचे काही अधिकार खाली सोपवायचे, पण अंतिम सत्ता कागदावर स्वतःकडेच ठेवायची. इंग्लंडसाठी असा कायदा झाला नाही. इंग्लंडच्या शाळा, रुग्णालयं, रस्ते, काउन्सिलं यांचा कारभार ब्रिटनची संसद आणि ब्रिटनचं सरकारच करत राहिलं.

यातला पेच खासदार टॅम डॅलियेल यांनी १९७७ मध्येच सभागृहात मांडला होता. ते स्कॉटलंडमधल्या वेस्ट लोथियनचे, त्यामुळे त्याला वेस्ट लोथियन प्रश्न असंच नाव पडलं. स्कॉटलंडच्या शाळांचा निर्णय एडिनबराला होणार असेल, तर इंग्लंडच्या खासदाराला त्यात बोलता येणार नाही. पण स्कॉटलंडच्या खासदाराने मात्र इंग्लंडच्या शाळांवर मत द्यायचं, हे किती दिवस चालणार? त्याच्याही आधी, आयर्लंडच्या स्वराज्याच्या विधेयकांवेळी पंतप्रधान ग्लॅडस्टन याच पेचात अडकले होते. १८८६ च्या विधेयकात त्यांनी आयरिश खासदारांना वेस्टमिन्स्टरमधून काढून टाकायचं ठरवलं, १८९३ मध्ये फक्त काही विषयांपुरतं आत घ्यायचं ठरवलं आणि शेवटी तेही सोडून दिलं.

आपल्याकडची कल्पना करून बघा. समजा बाकी सगळ्या राज्यांना विधानसभा आहेत आणि एकट्या महाराष्ट्राला नाही. महाराष्ट्राच्या शाळा, एसटी, जिल्हा रुग्णालयं यांचे कायदे लोकसभेत होतात आणि त्यावर तमिळनाडू-बंगालचे खासदारही मत देतात. महाराष्ट्राच्या खासदारांना मात्र चेन्नई-कोलकात्याच्या शाळांबद्दल काही ठरवता येत नाही. इथपर्यंत अन्याय सरळ दिसतो. आता त्यात एकच बदल करा: हा महाराष्ट्र देशाच्या लोकसंख्येचा दहावा हिस्साही नसण्याऐवजी शंभरातले चौऱ्याऐंशी लोक त्यातच राहतात. इंग्लंडची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत ५ कोटी ६५ लाख होती. स्कॉटलंड ५४ लाख, वेल्स ३१ लाख, उत्तर आयर्लंड १९ लाख. अन्याय तोच राहतो, पण उपाय कितीतरी अवघड होतो.

हा पेच पुस्तकापुरता नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये इंग्लंडमधल्या रुग्णालयांना अधिक स्वायत्तता देणारं विधेयक १७ मतांनी तरलं. जानेवारी २००४ मध्ये विद्यापीठांची फी ३,००० पौंडांपर्यंत वाढवू देणारं विधेयक ३१६ विरुद्ध ३११, म्हणजे पाच मतांनी पुढे गेलं. दोन्ही वेळा मजूर पक्षाच्या स्कॉटिश खासदारांची मतं नसती तर सरकार हरलं असतं, आणि दोन्ही विषयांत त्यांच्या स्वतःच्या मतदारांचं काय करायचं ते एडिनबराला ठरत होतं. २००५ च्या निवडणुकीत तर इंग्लंडमध्ये हुजूर पक्षाला मजूर पक्षापेक्षा थोडी जास्त मतं पडली होती. जागा मात्र मजूर पक्षाला २८६ आणि हुजूर पक्षाला १९४. यात मोठा वाटा निवडणूक पद्धतीचा आहे, डिव्होल्यूशनचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. वेगळी संसद जर याच पद्धतीने निवडली तर हा दोष तिच्यातही येईल.

पण माझ्या अनुभवात इंग्लंडचं खरं नुकसान मतदानाच्या या विसंगतीत कमी आणि दुसऱ्या एका गोष्टीत जास्त झालंय. इंग्लंडला स्वतःचं सरकार नाही. फक्त इंग्लंडसाठी वेळ असलेला, फक्त इंग्लंडबद्दल उत्तर देणारा कोणीही मंत्री नाही. जो आरोग्यमंत्री आहे तो जवळजवळ सगळं काम इंग्लंडचं करतो, पण बसतो ब्रिटनच्या मंत्रिमंडळात. तिथे त्याच्या विषयाआधी युद्ध, परराष्ट्र धोरण, पेन्शन, चलन, युरोप असे विषय येतात.

वृद्धांच्या देखभालीचं उदाहरण घ्या, कारण काउन्सिलांच्या खर्चात सगळ्यात मोठा भाग सामाजिक देखभालीचा असतो. स्कॉटलंडने वृद्धांची वैयक्तिक देखभाल २००२ मध्येच मोफत केली. इंग्लंडमध्ये डिलनॉट आयोगाने २०११ मध्ये अहवाल दिला की माणसाने आयुष्यभरात देखभालीवर किती खर्च करायचा याला कमाल मर्यादा हवी. २०१४ मध्ये तसा कायदा झाला. ७२,००० पौंडांची मर्यादा एप्रिल २०१६ पासून येणार होती. २०१५ च्या उन्हाळ्यात ती २०२० पर्यंत ढकलली, मग बाजूला पडली. २०२१ मध्ये ८६,००० पौंडांची नवी मर्यादा जाहीर झाली, ऑक्टोबर २०२३ पासून. २०२२ च्या शेवटी ती २०२५ वर गेली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्दच केली. काउन्सिलच्या बाजूने याचा अर्थ काय होतो ते सांगतो. दरवेळी तयारी करावी लागते. ज्यांचा खर्च मोजायचा त्या प्रत्येकासाठी नवं खातं उघडणारी प्रणाली, तपासणीसाठी जादा समाजसेवक, अंदाजपत्रकात तरतूद, आणि फोनवर विचारणाऱ्या मुलामुलींना द्यायची उत्तरं. एक बाई आपल्या आईचं घर विकावं की थांबावं असं विचारत होत्या. थांबा असं सांगायला माझ्याकडे आधार नव्हता आणि विका असं सांगायचा अधिकार नव्हता.

यामागे पैसा हे मोठं कारण आहे, ते मी नाकारत नाही. पण वेळापत्रकही बघा. दिरंगाईची ही सगळी वर्षं स्कॉटलंडचं सार्वमत, ब्रेक्झिट, कोविड यांनी व्यापलेली होती. कार्डिफ किंवा एडिनबराच्या सरकारलाही या संकटांनी ग्रासलं, पण त्यांच्या टेबलावर देखभाल, शाळा, रुग्णालयं हेच मुख्य काम होतं. इंग्लंडचं काम मात्र ब्रिटनचं काम संपल्यावर उरलेल्या वेळात होतं.

कोविडमध्ये हे सगळ्यांना दिसलं. पंतप्रधान टीव्हीवर येऊन घराबाहेर पडण्याचे नियम सांगायचे, आणि बऱ्याचदा ते नियम फक्त इंग्लंडला लागू असायचे. बाकी तिघांचे नियम त्यांचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्याकडच्या मुख्यमंत्र्यांसारखे, जाहीर करायचे. ऑक्टोबर २०२० मध्ये मँचेस्टरवर कडक निर्बंध लादताना किती मदत द्यायची यावरून मेयर अँडी बर्नहॅम आणि लंडन यांचं जाहीर भांडण झालं. त्या भांडणात इंग्लंडच्या वतीने बोलणारं तिसरं कोणी नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एडिनबराला राष्ट्रं आणि प्रदेशांच्या परिषदेची पहिली बैठक झाली. तिला तिन्ही घटकांचे प्रमुख आले, इंग्लंडमधल्या काही भागांचे मेयर आले, पंतप्रधान आले. इंग्लंड म्हणून कोणाचीच खुर्ची नव्हती. तुमचं लेस्टर तर मेयरांमधूनही सुटलं, कारण मे २०२४ मध्ये निवडून आलेल्या ईस्ट मिडलंड्सच्या मेयरच्या हद्दीत डर्बी आणि नॉटिंगहॅम आहेत, लेस्टर नाही.

यावर एक उपाय करून झाला आहे, म्हणून त्याबद्दल बोलायलाच हवं. स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत १८ सप्टेंबर २०१४ ला झालं, आणि निकालाच्या सकाळीच तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी इंग्लंडच्या कायद्यांवर इंग्लंडच्या खासदारांचा निर्णायक आवाज असेल असं जाहीर केलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये सभागृहाचे नियम बदलले. सभापती विधेयकातलं कुठलं कलम फक्त इंग्लंडला लागू आहे हे ठरवणार आणि त्यावर इंग्लंडच्या खासदारांना नकाराधिकार मिळणार. तो नकाराधिकार वापरून एकही कायदा अडला नाही. उलट मार्च २०१६ मध्ये इंग्लंड-वेल्समधली दुकानं रविवारी जास्त वेळ उघडी ठेवू देण्याचा सरकारचा प्रस्ताव ३१७ विरुद्ध २८६ मतांनी पडला आणि स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या खासदारांनी त्याविरुद्ध मतं दिली होती. नकाराधिकाराने नको ते थांबवता येतं, हवं ते करून घेता येत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये ही पद्धत स्थगित झाली, जुलै २०२१ मध्ये रद्द झाली. ती गेल्याचं माझ्या कार्यालयात कोणाच्या लक्षातही आलं नाही, आणि मला वाटतं तिचं खरं मूल्यमापन तेच होतं.

त्या रविवारच्या मतदानावेळी स्कॉटिश खासदारांनी दिलेलं कारण मला महत्त्वाचं वाटतं. ते म्हणाले, इंग्लंडमध्ये रविवार साधा दिवस झाला तर मोठ्या साखळी दुकानांत स्कॉटलंडच्या कामगारांना मिळणारा रविवारचा जादा पगारही जाईल. म्हणजे फक्त इंग्लंडचा वाटणारा कायदा सीमेपलीकडच्या खिशाला लागू शकतो. इथे आपण हिशेबावर येतो, आणि इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे.

ब्रिटनच्या अर्थखात्यात, म्हणजे ट्रेझरीत, इंग्लंडचं वेगळं अंदाजपत्रक नसतं. खात्यांना पैसे मिळतात. आरोग्य खात्याचा खर्च जवळपास सगळा इंग्लंडचा, गृहखात्याचा पुष्कळसा इंग्लंड आणि वेल्सचा, संरक्षणाचा अख्ख्या ब्रिटनचा, वाहतुकीचा सगळा मिसळलेला. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना एकगठ्ठा अनुदान मिळतं. त्यातली दरवर्षीची वाढ किंवा घट ज्या सूत्राने ठरते ते सूत्र ट्रेझरीचे मंत्री जोएल बार्नेट यांच्या नावाने ओळखलं जातं. ते १९७० च्या दशकाच्या शेवटी तात्पुरती सोय म्हणून आलं आणि अजून चालू आहे. सूत्र मुळात साधं आहे. इंग्लंडमधल्या एखाद्या खात्याचा खर्च किती बदलला ते घ्या, तो विषय त्या घटकाकडे किती टक्के सोपवलेला आहे त्याने गुणा, आणि लोकसंख्येच्या प्रमाणाने गुणा. इंग्लंडच्या आरोग्यावर १०० कोटी पौंड वाढवले तर स्कॉटलंडच्या अनुदानात साधारण साडेनऊ कोटींहून थोडी अधिक भर पडते. ते पैसे एडिनबराने आरोग्यावरच खर्च करावेत असं बंधन नसतं.

आता उलट बघा. इंग्लंडने एखाद्या सेवेसाठी सरकारी पैसा कमी करून लोकांकडून शुल्क घ्यायचं ठरवलं, तर स्कॉटलंडचं अनुदानही त्या प्रमाणात आटतं. मग स्कॉटलंडचा खासदार म्हणतो, हा कायदा फक्त इंग्लंडचा कसा? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. जोवर तीन घटकांचा पैसा इंग्लंडच्या निर्णयाला बांधलेला आहे, तोवर त्यांच्या खासदारांना इंग्लंडच्या निर्णयातून बाहेर काढणं हाही अन्यायच आहे. माझ्या मते वेस्ट लोथियन प्रश्नाला ग्लॅडस्टनच्या काळापासून उत्तर सापडत नाही याचं मुख्य कारण हेच, की प्रश्न मतांचा म्हणून विचारला जातो आणि गाठ पैशात आहे.

या सरमिसळीचा तोटा इंग्लंडलाच होतो असंही नाही. एचएस-२ हा वेगवान रेल्वेमार्ग पूर्ण इंग्लंडमध्ये आहे. तरीही रेल्वेच्या पायाभूत कामांचा अधिकार वेल्सकडे नसल्यामुळे तो इंग्लंड आणि वेल्सचा प्रकल्प मानला गेला, आणि त्या खर्चापोटी स्कॉटलंडला वाटा मिळाला, वेल्सला नाही. वेल्समधले माझ्यासारखंच काम करणारे लोक याबद्दल किती कळकळीने बोलतात ते मी ऐकलंय. इंग्लंडचा खर्च कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे स्वच्छ लिहिलेलं असतं, तर हा वाद उभाच राहिला नसता.

काउन्सिल टॅक्सचं उदाहरणही बोलकं आहे. इंग्लंडमध्ये आजही हा कर घराच्या १ एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतो. परवा बांधलेल्या घराचीसुद्धा, ते १९९१ मध्ये असतं तर काय किंमत असती, असा अंदाज काढून त्याला गट द्यावा लागतो. वेल्सने २००३ च्या किमती घेऊन २००५ मध्ये नवं मूल्यांकन केलं आणि सगळ्यात महाग घरांसाठी नववा गटही आणला. बऱ्याच घरांचा कर वाढला, लोक चिडले, पण ते काम झालं. ती चीड बघून इंग्लंडने आपलं मूल्यांकन २००५ मध्ये पुढे ढकललं ते ढकललंच. स्वतःचं सरकार असलं की असा कडू निर्णय घेतला जाईलच असं मी म्हणत नाही. पण एका नवख्या, कमी अधिकारांच्या विधानसभेने ते केलं आणि जगातल्या जुन्या संसदेला तीस वर्षांत जमलं नाही, ही गोष्ट मी विसरू शकत नाही.

मग वेगळी संसद लगेच का नको? सगळ्यात वजनदार आक्षेप आकाराचा आहे. ब्रिटनच्या घटनेचा विचार करायला नेमलेल्या किलब्रँडन आयोगाने १९७३ मध्ये हेच सांगितलं: चार घटकांच्या संघराज्यात इंग्लंड इतका मोठा असेल की तोल राहणार नाही. इंग्लंडचा फर्स्ट मिनिस्टर निवडून आला तर चौऱ्याऐंशी टक्के लोकांच्या शाळा, रुग्णालयं, पोलीस त्याच्या हाती असतील. ब्रिटनच्या पंतप्रधानाकडे सैन्य, परराष्ट्र आणि कर्जाचं व्याज उरेल. दोघे वेगळ्या पक्षांचे असले तर लोक कोणाचं ऐकतील? इतिहासात याची उदाहरणं आहेत. १९१९ नंतरच्या जर्मनीत प्रशियात तीन पंचमांश लोकसंख्या होती. जुलै १९३२ मध्ये केंद्राने प्रशियाचं निवडून आलेलं सरकार बाजूला सारलं आणि लोकशाहीचा एक मोठा आधार गेला. सोव्हिएत संघात रशियाचा वाटा साधारण निम्मा होता. मॉस्को म्हणजेच रशिया असं धरल्यामुळे १९९० पर्यंत रशियाला स्वतःची वेगळी कम्युनिस्ट पार्टीसुद्धा नव्हती. त्या वर्षी येल्त्सिन रशियाच्या सभागृहाचे अध्यक्ष झाले, जूनमध्ये रशियाने सार्वभौमत्व जाहीर केलं, आणि १९९१ च्या डिसेंबरअखेर संघ उरला नाही. इंग्लंडचं प्रमाण या दोघांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

आपल्याकडे हा विचार झालेला आहे. १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाचे सदस्य के. एम. पणिक्कर यांनी उत्तर प्रदेश फार मोठा आहे, तो विभागावा, अशी वेगळी टिप्पणी जोडली, आणि त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचे तीन भाग करावेत असं मांडलं. दोघांनाही चिंता एकच होती, एका अवाढव्य घटकाने संघराज्यावर वर्चस्व गाजवू नये. आणि उत्तर प्रदेश देशाच्या लोकसंख्येचा जेमतेम सहावा हिस्सा आहे.

मग इंग्लंडचेच भाग करावेत का? तेही करून बघितलं. नोव्हेंबर २००४ मध्ये ईशान्य इंग्लंडमध्ये प्रादेशिक विधानसभेसाठी सार्वमत झालं आणि ७७.९ टक्के लोकांनी ती नाकारली. लोकांना स्वायत्तता नको होती असा त्याचा अर्थ काढतात, मला तो पटत नाही. जी विधानसभा देऊ केली होती तिला कायदे करायचा अधिकार नव्हता आणि पैसाही नावापुरता होता. त्यानंतर सरकारांनी मेयरांचा मार्ग धरला. ग्रेटर मँचेस्टरमध्ये २०१७ पासून निवडून आलेला मेयर आहे, आणि सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात तिथल्या सगळ्या बससेवा टप्प्याटप्प्याने सार्वजनिक नियंत्रणाखाली आल्या. मार्ग, वेळापत्रक, भाडं तिथेच ठरतं. हे मोठं काम आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण मेयर कायदा करू शकत नाही, मोठा कर लावू शकत नाही, आणि त्याचे अधिकार लंडनच्या एका मंत्र्याशी झालेल्या करारावर उभे आहेत. डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेने आणि जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या विधेयकाने ही रचना इंग्लंडभर नेण्याचा मार्ग आखला. तरी ईशान्येच्या मेयरला वृद्धांच्या देखभालीचा कायदा बदलता येणार नाही. तो इंग्लंडच्या पातळीवरचाच विषय राहतो, म्हणून मेयर हे इंग्लंडच्या संसदेचं उत्तर होऊ शकत नाही.

माझा क्रम असा आहे. पहिल्यांदा ट्रेझरीने इंग्लंडचं अंदाजपत्रक वेगळं छापावं आणि कॉमन्सने, म्हणजे संसदेच्या लोकांनी निवडलेल्या सभागृहाने, त्यावर वेगळं मतदान करावं. त्याबरोबर बार्नेट सूत्राऐवजी गरजेवर आधारलेली वाटणी यावी, म्हणजे इंग्लंडने शुल्क वाढवलं की स्कॉटलंडचं अनुदान आपोआप हलणार नाही आणि तिथल्या खासदारांना इंग्लंडच्या मतदानापासून दूर राहायला न्याय्य कारण मिळेल. इथेच खरा विरोध होईल. ट्रेझरीची अर्धी ताकद या सरमिसळीतून येते, आणि स्कॉटलंडमध्ये दरडोई खर्च इंग्लंडपेक्षा जास्त असल्यामुळे सूत्र मोडायला कुठलाच पक्ष धजावत नाही. त्यानंतर खाती विभागावीत: इंग्लंडचे आरोग्य, शिक्षण, स्थानिक कारभार एका इंग्लंडच्या मंत्रिगटाकडे, आणि त्या गटाला कॉमन्समध्ये इंग्लंडच्या खासदारांपुढे उत्तर द्यायला ठरलेले दिवस. हे दोन-तीन निवडणुका चाललं, की लोकांना इंग्लंडचं सरकार म्हणजे काय ते दिसेल. मग वेगळ्या संसदेवर सार्वमत घ्यावं. ती झाली तर लंडनबाहेर बसावी आणि मेयरांचे अधिकार तिच्या मर्जीवर नसावेत, कायद्याने बांधलेले असावेत. नाहीतर मँचेस्टरच्या माणसाला एका लंडनऐवजी दोन सांभाळावे लागतील.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, तेही सांगतो. स्कॉटलंड उद्या स्वतंत्र झाला तर उरलेल्या ब्रिटनमध्ये इंग्लंडचा वाटा ९२ टक्क्यांच्या आसपास जाईल. तेव्हा वेस्टमिन्स्टर हीच जवळजवळ इंग्लंडची संसद होईल आणि काळजी वेल्स व उत्तर आयर्लंडची करावी लागेल. वेल्सचं आणि इंग्लंडचं न्यायक्षेत्र एकच आहे, तो धागाही तेव्हा सोडवावा लागेल.

तुम्ही शेवटी विचारलं होतं, की अशी संसद आली तर आपल्यासारख्यांना ती आपली वाटेल का, कारण लेस्टरमधले मराठी लोक स्वतःला ब्रिटिश म्हणतात, इंग्लिश म्हणत नाहीत. ही भीती मला समजते. पण स्कॉटलंड आणि वेल्सचा अनुभव वेगळं सांगतो. पंजाबी पाकिस्तानी कुटुंबातले हमझा युसूफ २०२३ मध्ये स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर झाले, झांबियात जन्मलेले वॉन गेथिंग २०२४ मध्ये वेल्सचे. त्या संसदा तिथे राहणाऱ्या सगळ्यांच्या आहेत हे लोकांनी मान्य केलं, आणि ती ओळखही त्याबरोबर रुंदावली. इंग्लंडची ओळख आज फुटबॉलच्या मैदानावर आणि काही पक्षांच्या सभांमध्येच दिसते, कारण तिला बसायला दुसरी सार्वजनिक जागा दिलेली नाही.

तुम्हाला स्वतः तपासायचं असेल तर ट्रेझरी दरवर्षी देश आणि प्रदेशांनुसार सरकारी खर्चाचे तक्ते प्रसिद्ध करते. त्यात ईस्ट मिडलंड्सची ओळ शोधा आणि स्कॉटलंड, वेल्सच्या शेजारी ठेवा. बार्नेटसाठी कोणता विषय किती टक्के धरला जातो, ते निधीवाटपाच्या धोरणपत्रिकेच्या परिशिष्टात खातेवार दिलेलं असतं. आणि तुमच्याकडे भारतीय पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुल देशाचे नागरिक म्हणून, इथे राहायची परवानगी असल्यास, ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत तुम्हाला मत देता येतं. नाव नोंदवलं नसेल तर नोंदवा, आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला विचारा की इंग्लंडमधल्या वृद्धांच्या देखभालीबद्दल तो कोणत्या मंत्र्याला जबाबदार धरणार आहे.